निरोगी क्रमांक चौदा

रक्त बर्फात न्यायचं असतं, असा बहुतेकांचा समज असतो. तळेगावहून पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये माझ्या मांडीवरचा निळा डबा पाहून एका गृहस्थांनी मला त्यावरून चांगलंच झापलं होतं. आत रक्ताच्या नळ्या आहेत असं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग बर्फ कुठाय? नासेल की सगळं. पेशंटच्या जिवाशी खेळता तुम्ही लोक." मी म्हटलं, "काका, नुसतं रक्त तपासायचं असेल तर चालतो बर्फ. आम्हाला आतल्या पेशी जिवंत हव्यात, आणि कामालाही लावायच्यात. थंडीत त्या आखडतात." त्यांचं समाधान काही झालं नाही. चिंचवडला उतरेपर्यंत ते डब्याकडे पाहत होते.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या डॉक्टर मॅडमचं एक संशोधन चालू होतं. त्याची एक बाजू मावळात होती आणि दुसरी पुण्यातल्या यंत्रापाशी. मी तळेगावची असल्यामुळे मधला पूल म्हणून माझी नेमणूक झाली. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तळेगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मॅडम रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट तपासायच्या. ज्यांनी संशोधनाला संमती दिली असेल त्यांचं थोडं जास्तीचं रक्त मी काढायची आणि मिळेल त्या लोकलने पुण्याला न्यायची. दुपारच्या गाड्या कमी, म्हणून सगळं घड्याळाकडे बघत चालायचं.

संशोधन कशाचं होतं ते सांगते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत 'बी पेशी' नावाची एक जात असते. जंतूंविरुद्ध लढायची हत्यारं त्या बनवतात. पण त्यांतल्याच काही मोजक्या पेशींचं काम उलटं असतं. लढाई फार पेटली तर ती शांत करायची, नाहीतर शरीर स्वतःचंच घर जाळून बसेल. कॅन्सरच्या काही पेशंटमध्ये हा शांत करणारा गट वाजवीपेक्षा वाढलेला दिसतो. कधी कधी तर कॅन्सरच्या पेशीच त्यांचं सोंग घेतात. मग जी फौज कॅन्सरवर आणि जंतूंवर तुटून पडायला हवी, ती ढिली पडते. साधा सर्दी-ताप छातीत उतरतो, दिलेली लस नीट लागू पडत नाही. या पेशी कोणात किती आहेत आणि त्यांचा पेशंटच्या तब्येतीशी काय संबंध आहे, हे आम्ही पाहत होतो. एकेक पेशी रंगवून लेझरच्या उजेडासमोरून सोडायची आणि पडद्यावर उमटलेले ठिपके वाचायचे, हे माझं काम. ठिपके वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही.

पेशंटसमोर मात्र ही हुशारी चालत नसे. आमचा संमतिपत्राचा मराठी कागद इतका अवघड होता की तळेगावच्या एका निवृत्त मास्तरांनी सही करण्याआधी तो लाल पेनाने तपासून दिला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि खाली शेरा मारला, 'अर्थ लागत नाही, तरी सही करतो.' तो कागद मॅडमनी जपून ठेवला होता.

रज्जाकभाई आणि किसनभाऊ या गुरुवारांतलेच.

रज्जाकभाई लोणावळ्याचे. गाद्या-उशांचं दुकान. एके काळी निम्म्या हॉटेलांच्या गाद्या त्यांच्याकडून जायच्या. फोमच्या गाद्या आल्यावर धंदा आटला, तसा त्यांनी तो मुलाच्या हाती दिला. वय अडुसष्टच्या आसपास, अंगाने सडपातळ, बोलणं अगदी हळू. त्यांना रक्ताचा संथ चालणारा कॅन्सर होता. या आजारात बऱ्याच पेशंटना सुरुवातीची काही वर्षं औषध लागतच नाही. नुसतं लक्ष ठेवायचं, वाढला तर उपचार. ऐकायला सोपं वाटतं. रज्जाकभाई मला म्हणाले होते, "ताई, डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे. पुढे म्हणाले, औषध नको. आता घरी जाऊन बायकोला हे कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा. शकीलाला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले."

किसनभाऊ भाजे गावचे. थोडी भातशेती, दोन म्हशी, शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना घरचं ताक विकायचं. तरुणपणी ते डोंगरातून सावरीच्या झाडांचा कापूस गोळा करून रज्जाकभाईंच्या दुकानात आणून द्यायचे, तिथून ही दोस्ती. कापूस कधीच बंद झाला, येणंजाणं राहिलं. रज्जाकभाई लोणावळ्याला लोकलमध्ये बसायचे, पुढच्याच स्टेशनावर, मळवलीला, किसनभाऊ चढायचे. दवाखान्यातला पेशंट एक, पण बाकावर कायम दोघं.

शांत करणाऱ्या पेशींबद्दल मी रज्जाकभाईंना समजावत होते, तेव्हा शेजारून किसनभाऊ म्हणाले, "म्हंजी गावात चोर आला तरी 'जाऊ द्या, जाऊ द्या' करनारी असत्यात, तशी."

"अगदी तशीच," मी म्हटलं.

"मग रज्जाकच्या रक्तात त्याच जास्ती असनार. मानूसच तसला हाय. चाळीस वर्सांत कुनाशी भांडला न्हाई."

रज्जाकभाई नुसते हसले.

अशा अभ्यासात पेशंटच्या रक्ताची तुलना करायला त्याच वयाच्या निरोगी माणसांचं रक्तही लागतं. पेशंट मिळतात, निरोगी मिळत नाहीत. जो निरोगी आहे तो दवाखान्यात कशाला येईल? किसनभाऊंना मीच विचारलं. ते लगेच तयार झाले. संमतिपत्र मी वाचून दाखवलं. त्यात एक ओळ होती, 'या तपासणीचे वैयक्तिक निकाल आपणास कळवले जाणार नाहीत.' ते म्हणाले, "कळवायचं काय त्यात? मला काय झालंय?" सही केली, सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली आणि रज्जाकभाईंना म्हणाले, "बघ, निरोगी गड्याचं रक्त कसलं लालभडक असतं." कागदोपत्री ते 'निरोगी क्रमांक चौदा' झाले.

त्या संध्याकाळी मी पुण्यात यंत्रापाशी बसले होते. बी पेशींवर दोनपैकी एक खूण असते. निरोगी माणसात दोन्ही खुणांच्या पेशी मिसळलेल्या दिसतात. क्रमांक चौदाच्या पडद्यावर तशी मिसळ होती, पण एका कोपऱ्यात ठिपक्यांचा एक छोटा पुंजका वेगळा बसला होता. सगळ्यांवर एकच खूण. वर आणखी एक खूण, जी रज्जाकभाईंच्या आजारात अशी सापडते. याचा अर्थ त्या सगळ्या एकाच पेशीच्या नकला होत्या.

माझ्या मनात पहिला विचार आला, तो माझ्या चुकीचा. त्याच दिवशी मी रज्जाकभाईंचंही रक्त काढलं होतं. दोघांच्या नळ्या अदलाबदल झाल्या की काय? एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून नळी बदलली नव्हती आणि त्याचा मला गर्व होता. मी चिठ्ठ्या पाहिल्या, रक्तगट करून पाहिले. अदलाबदल नव्हती. रज्जाकभाईंच्या पडद्यावर तर असल्या नकलांचं आभाळ भरलेलं होतं. हा लहानसा पुंजका किसनभाऊंचाच होता. चूक माझी नाही म्हणून मला बरं वाटलं. ते किती वाईट होतं हे नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "उतारवयात बऱ्याच जणांत असा पुंजका असतो आणि बहुतेकांना त्याचा कधी त्रास होत नाही. क्वचित पुढे आजार होतो. पण आधी खात्री करू. पुन्हा रक्त मागवा."

पुन्हा मागवायचं तर कारण सांगावं लागणार. मी किसनभाऊंना फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, नळीत रक्त गोठलं. खराब झालं. पुन्हा द्यावं लागेल."

ते सरळ खोटं होतं. मला कुणी तसं बोलायला सांगितलं नव्हतं. 'आणखी एकदा तपासायचंय' एवढंही पुरलं असतं. पण त्यांनी 'का?' विचारलं तर काय सांगायचं, या भीतीने मी सोपं ते केलं. भातलावणीचे दिवस होते. ते लावणी सोडून आले, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. "येवढंच ना? न्या की. आपल्यात लय हाय," म्हणाले. उलट मलाच बरं वाटावं म्हणून म्हणाले, "तुमची बी धावपळ असतीया. व्हतं असं."

दुसऱ्या नळीतही तोच पुंजका निघाला.

आता प्रश्न असा, की सांगायचं की नाही. संमतिपत्रात लिहिलेलं होतं, कळवणार नाही. मॅडमचं म्हणणं, कळून उपयोग काय? औषध द्यायचं नाही, मनात मात्र किडा सोडायचा. माझं म्हणणं, आपल्याला त्यांच्या अंगातलं माहीत आहे आणि त्यांना नाही, हे बरोबर नाही. मी हट्टच धरला. मॅडमनी प्रकरण नीतिसमितीकडे पाठवलं. अशा अभ्यासांवर देखरेख ठेवणारी ती समिती. तिचा निर्णय यायला वेळ लागला. दरम्यान दोन गुरुवार गेले. दोघं बाकावर बसलेले असायचे, किसनभाऊ रज्जाकभाईंना "माझ्यासारखं रोज ताक पी" वगैरे ऐकवायचे आणि मी मान खाली घालून नळ्यांना चिठ्ठ्या लावायची.

समितीने ठरवलं, आधी त्यांना विचारा की जाणून घ्यायचं आहे का. हो म्हणाले तर डॉक्टरांनी सांगावं.

किसनभाऊ हो म्हणाले. पण मॅडमसमोर एकटे बसायला तयार नव्हते, म्हणून मला थांबायला सांगितलं. रज्जाकभाई बाहेर होते. मॅडमनी फार चांगलं समजावलं. हा आजार नाही, असलं तर फक्त बीज आहे, आणि बहुतेकांत ते कधी रुजत नाही. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, बाकी काही नाही.

किसनभाऊंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पर रज्जाकला हाय त्याच जातीचं?"

"त्याच जातीचं. पण त्यांना आहे ते तुम्हाला नाही."

"कवापास्नं असंल?"

"सांगता येत नाही. काही वर्षं असू शकेल."

"त्याच्या आदीपास्नं बी असंल?"

"असूही शकेल," मॅडम म्हणाल्या. किसनभाऊंनी हे का विचारलं, ते तेव्हा आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

उठताना ते एवढंच म्हणाले, "रज्जाकला सांगू नका."

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रज्जाकभाई शकीलाभाभींना घेऊन यायला लागले. भाभींना जिना चढताना त्रास व्हायचा, म्हणून त्या खालीच बसायच्या आणि रज्जाकभाई वर एकटे. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या दंडाला पट्टी बांधत होते, तेव्हा ते म्हणाले, "ताई, एक विचारू? किसन तुम्हाला काही बोलला का?"

"कशाबद्दल?"

"येत नाही. फोन उचलत नाही. मुलाला भाज्याला पाठवलं, तर त्याची बायको म्हणाली, शेतात गेलेत. मुलगा म्हणतो, घरातच होता, आवाज आला. माझं काही चुकलं का? की घरच्यांना वाटतं, माझा आजार लागेल? तसं असेल तर मी समजू शकतो. फक्त त्याने तोंडाने सांगावं."

मला सगळं माहीत होतं आणि त्यातलं काही बोलायची मुभा नव्हती. "मला नाही माहीत," मी म्हटलं. हे दुसरं खोटं. त्या दिवशी मला त्यांची शीर दुसऱ्या टोचण्यात सापडली. असं माझं सहसा होत नसे.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "किसनभाऊंची तब्येत विचारायला जा. आपण त्यांना सांगून मोकळे झालो आणि नंतर कुणी विचारलंच नाही, हे आपलंही चुकलंच."

रविवारी मी मळवलीला उतरले. सहलीची गर्दी लेण्यांकडे चालली होती. किसनभाऊंच्या घराबाहेर ताकाची मांडणी नव्हती. त्यांच्या पत्नी, पारूबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बरं झालं आला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काय सांगितलंय ओ तुमी यास्नी? ताट येगळं केलंय, तांब्या येगळा. नातीला जवळ घेत न्हाईत. पोरगी रडती, आजा घेईना म्हनून. इचारलं तर म्हनत्यात, माज्यापासनं लांब ऱ्हावा."

किसनभाऊ आतल्या खोलीत होते. मला बघून उठून बसले, पण नेहमीसारखं 'या ताई' म्हणाले नाहीत.

"भाऊ, हे लागत नाही," मी सरळच सांगितलं. "ताटातून नाही, पाण्यातून नाही, नातीला उचलून घेतल्याने नाही."

ते पांघरुणाची घडी घालायला लागले.

"रज्जाकभाई काळजीत आहेत."

तेव्हा ते बोलले. "चाळीस वर्सं आमी एका ताटात जेवलोय, ताई. ईद असू द्या, न्हाईतर आमच्या गावची जत्रा. एका बिडीतला झुरका दोगांनी वडलाय. डॉक्टरीनबाई म्हनल्या, माज्यात हे आदीपास्नं असंल. मग त्याला कुटनं गेलं? माज्यातनंच गेलं असनार. मी हितं धडधाकट आन् त्यो दर म्हैन्याला टोचून घेतोय. त्याच्या बाकावर बसून त्यालाच मी ताक पी म्हनून शिकवीत व्हतो."

त्यांना आपल्या जिवाची भीती वाटते आहे, असं धरून मी आले होते. मनातल्या मनात समजुतीची वाक्यं जुळवली होती, ती सगळी त्या भीतीसाठी होती.

"असं नसतं, भाऊ. एकाच्या रक्तातली ही पेशी दुसऱ्यात जाऊन राहत नाही. त्यांचं त्यांच्यात झालं, तुमचं तुमच्यात. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मी हे काम आयुष्यभर केलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लावनीच्या टायमाला तुमी फोन केलता. म्हनला, रक्त खराब झालं. ते खरं व्हतं?"

दाराशी पारूबाई उभ्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "खोटं होतं. रक्त चांगलं होतं. त्यात काय दिसलं ते सांगायची माझी छाती झाली नाही."

"मग हे खरं कशावरनं?"

एवढं शिक्षण, एवढी वर्षं, आणि मी एका फोनवर माझा शब्द घालवून बसले होते. मी तसं कबूल केलं. म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मॅडमना विचारा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा, पाच जणांना विचारा. पण एक गोष्ट मला कुणी शिकवलेली नाही, मी कानांनी ऐकलीय. रज्जाकभाई मला विचारत होते, माझं काय चुकलं. त्यांना वाटतं, त्यांचा आजार तुम्हाला लागेल म्हणून तुम्ही येत नाही."

किसनभाऊंनी मान वर केली. "त्यो असं म्हनतो?"

"हो. म्हणाले, तसं असेल तर मी समजू शकतो. फक्त तोंडाने सांगावं."

ते उठले. मग पारूबाईंना म्हणाले, "च्या टाक ताईंस्नी." मी चहा पिऊन निघाले. त्यांच्या मनात काय ठरलं, काही ठरलं की नाही, मला कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी दोघं जिन्यावरून बरोबर आले. किसनभाऊ मळवलीला नेहमीच्या डब्यात चढले होते म्हणे. बाकावर बसल्यावर त्यांनी रज्जाकभाईंना सगळं सांगितलं. माझं टेबल चार पावलांवर होतं, त्यामुळे ऐकू येत होतं. संपल्यावर रज्जाकभाई म्हणाले, "चार महिने तू मला एकट्याला बसवलंस, किसन."

"व्हय."

"तुझ्यातून मला आलं म्हणून?"

"व्हय."

"आणि माझ्यातून तुला आलं असेल, असं नाही वाटलं?"

इतक्या महिन्यांत ती शक्यता किसनभाऊंच्या मनातच आली नव्हती.

"मला आजार कळला तेव्हा मीही ताट वेगळं घेतलं होतं," रज्जाकभाई म्हणाले. "आठ दिवस. शकीला काही बोलली नाही. नवव्या दिवशी तिने माझं ताट भांडीवाल्याला देऊन टाकलं. आता ऐक, मी सात वर्षं या बाकावर बसतोय, मला यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं. हे लागत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी झोप येत नाही, ते खरं. तेवढं सोडून बाकीचे दिवस आपले असतात."

चाळीस वर्षांत कुणाशी न भांडलेला माणूस त्या दिवशी थोडा रागावलेला होता, आणि त्या रागाने जे साधलं ते माझ्या शास्त्राने साधलं नसतं. पारूबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "नातीला खांद्यावर घिऊन हिंडत्यात आता."

किसनभाऊंचं रक्त अभ्यासातून वगळलं गेलं. तो नियमच आहे, पुंजका निघालेला माणूस निरोगींच्या यादीत ठेवता येत नाही. मॅडमनी समितीला सांगून संमतिपत्रातली ओळ बदलून घेतली. आता तिथे प्रश्न आहे, अनपेक्षित काही आढळलं तर आपणास कळवावं का? आणि मी सगळ्या सहकाऱ्यांना सांगून ठेवलं, दुसऱ्यांदा रक्त मागताना कारण खरं सांगायचं, किंवा आत्ता सांगता येत नाही असं सांगायचं. हे लिहायला एक ओळ लागते. शिकायला मला एका माणसाचे चार महिने लागले, आणि तेही माझे नव्हेत.

रज्जाकभाईंचा आजार पुढच्या वर्षी वाढला. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी तब्येत सावरलीही. गळ्याच्या गाठी बसल्या, वजन भरलं. पण ज्या ढिल्या फौजेबद्दल मी वर लिहिलं, तिने शेवटी दगा दिला. थंडीत साधा खोकला झाला, तो छातीत उतरला. नऊ दिवस ते पुण्याच्या इस्पितळात होते. किसनभाऊ म्हशी शेजाऱ्यावर सोपवून तिथे राहिले. रज्जाकभाईंच्या मुलाच्या बरोबरीने ते आळीपाळीने बसायचे. नवव्या दिवशी पहाटे रज्जाकभाई गेले. दफनाला मी गेले होते. किसनभाऊंनी तीन मुठी माती दिली आणि बाजूला येऊन उभे राहिले.

पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार आला. साडेनऊच्या सुमाराला किसनभाऊ जिना चढून आले आणि बाकावर बसले. मी वही पाहिली. त्यांच्या वार्षिक तपासणीला अजून पाच महिने होते.

"भाऊ, आज तुमची तारीख नाही."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "रज्जाकची व्हती."

मी त्यांना बसू दिलं. गर्दी होती. एकेक पेशंट येत होता, मी रक्त काढत होते. बाराच्या सुमाराला डबा भरायला घेतला, तेव्हा ते उठून टेबलापाशी आले.

"ताई, येवढी वर्सं त्याचं रक्त नेलं तुमी. ते समदं संपलं का?"

"सगळं नाही. काही पेशी गोठवून ठेवल्यात. पुढे नवीन काही तपासायचं झालं तर लागतात."

"मगाशी त्या बाईस्नी तुमी म्हनत व्हता, थंडीत आखडत्यात म्हनून."

"हे गोठवणं वेगळं. खास औषधात घालून, फार खोल थंडीत. बाहेर काढून ऊब दिली की पुन्हा काम करायला लागतात."

"म्हंजी जित्या हायती?"

त्या पेशींतल्या बहुतेक कॅन्सरच्याच होत्या. ते टाळता आलं असतं, नुसतं हो म्हणता आलं असतं.

"जिवंत आहेत," मी म्हटलं. "पण भाऊ, त्यातल्या बऱ्याचशा आजाराच्याच आहेत. थोड्या चांगल्या आहेत. आणि त्या शांत करणाऱ्याही आहेत, त्यांच्यावरच आमचं काम चाललंय."

त्यांनी मान हलवली. या वेळी त्यांनी 'खरं कशावरनं' असं विचारलं नाही.

"मग जपा," ते म्हणाले, आणि मळवलीला थांबणारी गाडी किती वाजता आहे ते विचारून जिना उतरून गेले.